डोकं दुखतंय ते व्यायामानं की भट्टीनं?

व्यायाम केला की डोकं दुखतं, मग तो करायचा कशाला, हा प्रश्न शहरातल्या जिममध्ये विचारला तर त्याचं उत्तर एका दमात देता येईल. शिरोली एमआयडीसीत विचारला तर तसं देता येत नाही. पंचगंगेपलीकडच्या या वसाहतीत फाउंड्र्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. मोल्डिंगला वाळू ओढणं, लॅडल धरून लोखंड ओतणं, नॉकआउटला साचे फोडणं, फेटलिंगला ग्राइंडर दाबून धरणं ही सगळी अंगमेहनतीची कामं. पाळी सुटली की यातलीच तरुण मुलं जिममध्ये नाहीतर तालमीत जातात, कारण कोल्हापुरात शरीर कमावणं ही आजही मानाची गोष्ट आहे. त्यातल्या काहींचं डोकं व्यायाम करताना किंवा केल्यावर ठणकतं, मळमळतं, उजेड सोसत नाही. त्यांना दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, सोडून दे. दुसरा म्हणतो, सहन कर, सवय होईल. माझ्या मते दोन्ही सल्ल्यांत एकच खोट आहे. दुखणं कुठल्या हवेत, कुठल्या वेळी, कशाच्या पाठोपाठ येतं, हे दोन्हीकडून कुणी विचारत नाही. ते विचारल्याशिवाय दोष व्यायामाच्या माथी मारू नये आणि विचारून झाल्यावर व्यायाम सोडायची वेळ फार थोड्यांवर येते, एवढंच मला मांडायचं आहे. त्यासाठी दोन माणसं समोरासमोर बसवली आहेत. फाउंड्रीत उभा जन्म काढलेले एक फोरमन आणि कामगारांची तपासणी करणाऱ्या एक डॉक्टर. माणसं कल्पित आहेत, त्यांच्या बाजू मात्र खऱ्या आहेत.

फोरमन: मॅडम, सरळ हिशेब आहे बघा. शरीर दुखून सांगतंय की आता पुरे, तर ऐकायला नको? आठ तास भट्टीसमोर, ओव्हरटाइम धरला तर बारा. अंगातलं पाणी निथळून जातंय. त्यावर पोरगं जिमला जातं, ताकदीबाहेरचं वजन घेतं आणि डोकं धरून बसतं. मी त्याला सांगतो, बंद कर बाबा. दिवसभर लोखंड उचलणाऱ्याला आणि डंबेल कशाला पाहिजे? काम हाच त्याचा व्यायाम. आमच्या आधीच्या पिढीनं जिमचं तोंड बघितलं नाही, तरी हातगाड्यांनी वाळू ओढलीच की.

डॉक्टर: मामा, तुमच्या ‘बंद कर’ला मी निम्मी मान्यता देते. जोर लावताना पहिल्यांदाच डोकं जोरात दुखलं, तर त्या दिवशी थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं, यात तडजोड नाही. नुसत्या श्रमानं उठणारी, धोका नसलेली डोकेदुखी असते. ठणकणारी असते, अठ्ठेचाळीस तासांच्या आत थांबते आणि उष्ण हवेत किंवा उंचावर जास्त आढळते. पण तिला निरुपद्रवी म्हणण्याआधी बाकीची कारणं नाहीत, हे बघावं लागतं. रूक नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी १९६८ साली जोर लावताना, खोकताना, वाकताना डोकं दुखणाऱ्या १०३ रुग्णांची माहिती मांडली. त्यातल्या १० जणांच्या कवटीत खरोखरच काही बिघाड निघाला. म्हणजे बहुतेकांना धोका नव्हता, पण दहातल्या एकाला होता. एका मिनिटाच्या आत टोकाला गेलेलं दुखणं, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी वेदना, सोबत मान आखडणं, बोलणं अडखळणं, एक हात लुळा पडणं, शुद्ध हरपणं, यातलं काहीही दिसलं तर मेडिकलमधून गोळी आणायला जायचं नाही, दवाखाना गाठायचा. मेंदूभोवतीचा रक्तस्राव असाच सुरू होतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचं डोकं चालताना, जिना चढताना दुखतं आणि बसलं की थांबतं, तर हृदयही तपासायचं, कारण क्वचित हृदयविकार डोक्यात दुखून कळतो. ही झाली पहिली पायरी. सगळं तपासून धोका नाही असं ठरल्यावर ‘कायमचं बंद कर’ म्हणणं हा वेगळा निर्णय आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

फोरमन: पुरावा आहे की. तपासलं, स्कॅन काढला, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, मायग्रेन. आता मायग्रेनचं तुमच्याच पुस्तकात लिहिलंय, हालचालीनं दुखणं वाढतं. जिना चढला तरी ठोके पडतात, म्हणून माणूस अंधारात पडून राहतो. मग अशा माणसाला पळायला सांगायचं म्हणजे त्याच्या वेदनेत भरच घालायची.

डॉक्टर: दुखणं चालू असताना त्याला पळायला कुणीच सांगणार नाही. डोकं दुखत असताना काय करायचं आणि दोन दुखण्यांच्या मधल्या दिवसांत काय करायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. २०११ साली स्वीडनमध्ये एम्मा वार्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायग्रेनच्या ९१ रुग्णांचे तीन गट केले. एका गटानं आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं व्यायाम केला, दुसऱ्यानं शरीर सैल सोडण्याचं तंत्र शिकलं आणि तिसऱ्यानं टोपिरामेट हे मायग्रेन टाळण्याचं औषध घेतलं. तिन्ही गटांत झटके जवळजवळ सारखेच कमी झाले, महिन्याला साधारण एकानं. फरक एवढाच की औषधाच्या गटात सुमारे एकतृतीयांश लोकांना औषधाचा त्रास झाला, बाकी दोन्ही गटांत तसा कुणालाच झाला नाही. आता तुमच्या बाजूचा पुरावाही मीच सांगते. २०१३ साली नेदरलँड्समध्ये मायग्रेनच्या १०३ रुग्णांना विचारलं, तेव्हा ३८ टक्के लोकांनी सांगितलं की व्यायामानं कधी ना कधी झटका आलाय. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी तो खेळच सोडून दिला होता. म्हणजे व्यायाम काहींचा झटका उठवतो हे खरं आणि नियमित व्यायामानं झटके कमी होतात हेही खरं. दोन्हींचा मेळ मात्रेत आणि पद्धतीत आहे. स्वीडनच्या त्या चाळीस मिनिटांत पहिली पंधरा मिनिटं अंग तापवायची होती, जोराचा व्यायाम वीसच मिनिटं आणि शेवटची पाच मिनिटं हळूहळू थांबायची. मामा, थंड लॅडलमध्ये तुम्ही लोखंड ओतू देता का? आधी ती तापवून घेता. शरीरालाही तेवढी सवड द्या.

फोरमन: लॅडलचं पटलं. पण मॅडम, तो प्रयोग झाला स्वीडनला. थंड हवेत, स्वच्छ हॉलमध्ये सायकल मारणारी माणसं ती. इथं पोरगं नाइट करून येतं, सकाळी पोटात चहा आणि दोन बटर, झोप चार तासांची, एप्रिलचा उन्हाळा. त्याला त्या कागदावरचा व्यायाम कसा लागू होणार? आणि माझा मूळ प्रश्न तसाच राहिला. दिवसभर राबणाऱ्याला वेगळा व्यायाम हवाच कशाला?

डॉक्टर: तुमचा आक्षेप रास्त आहे. स्वीडनमधला आकडा शिरोलीला जसाच्या तसा चिकटवता येणार नाही. पण मायग्रेन हा परदेशी आजार आहे असंही समजू नका. आपल्या शेजारच्या कर्नाटकात बेंगळुरू आणि आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन पाहणी झाली, तेव्हा वर्षभरात मायग्रेन झालेल्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास निघालं. चार माणसांत एक. तुमच्या शॉपमध्ये ही माणसं असणारच. आता काम म्हणजे व्यायाम का? डेन्मार्कचे संशोधक आंद्रेआस होल्टरमन यांनी हाच प्रश्न लावून धरला. फावल्या वेळातल्या व्यायामानं हृदयाचं आरोग्य सुधारतं, पण कामावरच्या जड मेहनतीनं तसा फायदा होताना दिसत नाही, काही पाहण्यांत उलट नुकसानच दिसतं. कारण उघड आहे. व्यायामात वेग आपण ठरवतो, दमलो की थांबतो, मध्ये दिवस सोडतो. कामावर वेग लाइन ठरवते. एकाच बाजूला वाकून तासन्‌तास वजन धरावं लागतं आणि अंग सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून ‘काम हाच व्यायाम’ हे अर्धंच खरं. काम शरीर झिजवतं, व्यायाम तेच काम सोसायची ताकद वाढवतो. आणि आता तुम्हालाच एक विचारते. या पोरांचं डोकं फक्त जिममध्येच दुखतं का?

फोरमन: खरं सांगू? शॉपमध्येही दुखतं. पोअरिंग चालू असताना, त्यातही पावसाळ्यात दारं-खिडक्या लावलेल्या असतात तेव्हा, दोघं-तिघं तरी कपाळ चोळत बाहेर येतात. आम्ही म्हणतो, उष्णतेनं होतंय.

डॉक्टर: मग आपण मुद्द्याच्या गाभ्याशी आलो. लोखंड ओतल्यावर साच्याच्या भोकांतून आणि फटींतून निळसर ज्योती निघतात, त्या तुम्ही रोज बघता. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूत, बेंटोनाइट मातीबरोबर कोळशाची पूड असते. तापलेलं लोखंड आत गेलं की ती जळते आणि तिच्यातून निघणाऱ्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड असतो. ज्योत दिसते तेवढा वायू जळून जातो, उरलेला शॉपमध्ये पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो आणि त्याची पहिली खूण असते डोकेदुखी, मग मळमळ, मग गरगरणं. अगदी मायग्रेनसारखी. जो माणूस जास्त राबतो तो जास्त श्वास घेतो, म्हणून त्यालाच जास्त बाधतो. मोकळ्या हवेत आल्यावरही रक्तातला निम्मा वायू जायला चार-पाच तास लागतात. पाळी सुटल्यावर तासाभरात जिमला पोचलेला मुलगा तो वायू रक्तात घेऊनच वजन उचलतो. तिथं डोकं दुखलं की दोष वजनाला लागतो. जुनी क्युपोला भट्टी जाऊन विजेची इंडक्शन फर्नेस आली म्हणून हा प्रश्न मिटत नाही, कारण साच्यातला कोळसा तोच आहे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही विसंबू नका. त्याला ऑक्सिजन आणि हा वायू यांतला फरक कळत नाही, तो आकडा चांगलाच दाखवतो. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते आणि तीही लवकर. खूण ओळखायची कशी? एकाच खात्यातल्या अनेकांचं डोकं दुखतं, ओतकामाच्या वेळी दुखतं, सुट्टीच्या दिवशी दुखत नाही, तर आधी हवा मोजा, मग माणूस तपासा.

फोरमन: मग मॅडम, तुम्ही आत्तापर्यंत पोराला सांगत होता की अंग तापव, हळू वाढव. यात त्याच्या हातात काय राहिलं? एक्झॉस्ट त्याच्या हातात नाही, पाळी त्याच्या हातात नाही. कंत्राटातला पोरगा डोकं दुखतंय म्हणाला तर उद्या त्याच्या जागी दुसरा उभा राहील, म्हणून तो बोलतच नाही. तुमचा सल्ला चांगला आहे, पण तो चुकीच्या माणसाला दिलेला आहे.

डॉक्टर: हे मी मान्य करते. हवा सुधारल्याशिवाय नुसता व्यायामाचा सल्ला देणं म्हणजे कारखान्याची जबाबदारी कामगाराच्या अंगावर ढकलणं. १९४८ च्या कारखाने कायद्यात सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होती आणि अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथं उन्हाळ्यात थंड पाणी द्यायचं बंधनही त्याच कायद्यानं घातलं होतं. म्हणजे हवा आणि पाणी या गोष्टी मेहेरबानीच्या नव्हेत, हे आपल्याकडे फार आधी ठरलेलं आहे.

फोरमन: मग मालकांना मी माझ्या भाषेत सांगतो. आम्ही वाळूतला ओलावा मोजतो. प्रत्येक हीटचं तापमान घेतो, मेटलचा नमुना लॅबला पाठवतो. कास्टिंगला ब्लोहोल पडला तर तो कुठून आला याचा छडा लागेपर्यंत चैन पडत नाही. वायू कास्टिंगमध्ये अडकला तर रिजेक्शन म्हणून नोंद होते. तोच वायू माणसाच्या रक्तात गेला तर नोंद नाही. मोजायची शिस्त आमच्याकडे आहेच, ती फक्त मालापाशी थांबलीय.

फोरमनच्या या वाक्यांत सगळ्या वादाचं सार आहे आणि मी त्यांच्या बाजूनं उभा आहे. यावर छोट्या फाउंड्रीवाल्याचा आक्षेप ठरलेला असतो. जॉबवर्कचा दर परवडत नाही, त्यात हे खर्च कुठून घालायचे? अडचण खरी आहे. मोठ्या एक्झॉस्ट यंत्रणेला पैसा लागतो आणि तो एका वर्षात उभा राहणार नाही. पण पहिली पावलं स्वस्त आहेत. वायू मोजणारा हातातला मीटर भट्टीच्या किमतीपुढे किरकोळ वस्तू आहे. ओतलेल्या साच्यांच्या रांगेत माणसं विनाकारण उभी न ठेवणं, साच्यातून निघणारा वायू लगेच पेटवून देणं, पावसाळ्यातही हवेला वाट ठेवणं, पाण्याचा पिंप ओतकामाच्या जागेजवळ आणणं, पोअरिंगच्या माणसांची आलटून पालटून नेमणूक करणं, याला भांडवल लागत नाही, लक्ष लागतं. ज्यांना मीटर परवडत नाही, अशा चार शेजाऱ्यांनी मिळून एक घ्यावा. वसाहतीतल्या कारखानदारांची संघटना, ‘स्मॅक’, अशा कामात पुढाकार घेऊ शकते.

फोरमन: हवा सुधारली असं धरून चालू. तरीही ज्याचं डोकं व्यायामानंच दुखतं, त्याला काय सांगू?

डॉक्टर: आधी वेळ बदला. नाइट संपवून उपाशीपोटी सरळ जिमला जायचं नाही. चुकलेलं जेवण आणि मोडलेली झोप हे मायग्रेनचे जुने साथीदार आहेत. त्यात श्रमाची भर पडली की डोकं उठतं आणि नाव श्रमाचं होतं. थोडं खाऊन, झोपून, उन्हं उतरल्यावर व्यायाम करू दे. शॉपमध्ये उष्णतेत काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, मधून मधून ताक किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. तहान मारून पाळी काढायची आणि मग एकदम दोन तांबे ढोसायचे, हे नको. अंग पंधरा मिनिटं तापवायचं. पहिले काही आठवडे बोलता येईल एवढाच दम लागू द्यायचा, मग हळूहळू वाढवायचं. वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही. १९८५ साली कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून रक्तदाब मोजला. पायानं वजन ढकलताना तो सरासरी ३२० वर २५० पर्यंत चढला होता. श्वास कोंडल्यानं त्यात भर पडते. तालमीत जोर-बैठका श्वासाच्या ठेक्यावर मारायला शिकवतात, तीच शिस्त वजनाला लावायची. व्यायामाआधी घ्यायच्या पावडरींत कॅफीन भरपूर असतं, त्या बंद. आणि मान आखडायला लागली की त्या दिवशी हात आवरायचा. नेदरलँड्सच्या त्या पाहणीत व्यायामानं येणारा झटका पुष्कळदा मानेपासून सुरू झालेला आढळला.

फोरमन: आणि गोळी? खिशात स्ट्रिप असतेच पोरांच्या.

डॉक्टर: तिथंच नवा आजार तयार होतो. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, मिश्र गोळी दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं तर गोळीच डोकेदुखी कायम ठेवते. शिवाय घामानं पाणी गेलेल्या शरीरात आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. व्यायामाआधी घ्यायची औषधं आहेत, पण ती डॉक्टरांनी नाडी, रक्तदाब, पोट बघून द्यायची. मित्राच्या खिशातली नव्हे.

फोरमन: शेवटचं विचारतो. आमच्या कोअर शॉपमध्ये बायका आहेत. त्यांचं डोकं जास्त दुखतं. घरी जाऊन चूल, पोरं, पाणी. त्यांना व्यायाम करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

डॉक्टर: मायग्रेन बायकांत पुरुषांच्या दुपटी-तिपटीनं आढळतो, मासिक पाळीच्या दिवसांत तर जास्तच. त्यांना आणखी एक काम सांगून चालणार नाही, त्यांचं एखादं काम कमी करावं लागेल. घरातल्या दुसऱ्या कुणी अर्धा तास उचलला तर त्या अर्ध्या तासात भरभर चालणं हाही पुरेसा आरंभ आहे. व्यायाम म्हणजे वजन आणि मैदानच असं नाही.

इतक्या अटी ऐकल्यावर एखादा म्हणेल, यापेक्षा सोडून देणंच सोपं. सोपं आहे, म्हणूनच लोक सोडतात. पण त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. ज्या सवयीनं रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहते आणि मायग्रेनचे झटकेही कमी होऊ शकतात, तीच हातची जाते. दुसरी किंमत त्याहून मोठी आहे. व्यायाम सोडलेल्या मुलाचं जिममधलं दुखणं थांबतं, सगळ्यांना वाटतं कारण सापडलं आणि शॉपमधली हवा होती तशीच राहते. उद्या तीच हवा जिमला कधीही न गेलेल्या माणसाला बाधते. ‘सहन कर’ म्हणणारेही नकळत हेच करतात. सहन केलेलं दुखणं कुठल्याच नोंदीत येत नाही. म्हणून कारखान्यातल्या आरोग्य तपासणीत उंची, वजन, रक्तदाबाच्या जोडीला तीन प्रश्न लिहून विचारले जावेत. डोकं कधी दुखतं? त्याआधी कुठं होतास आणि काय करत होतास? तुझ्याबरोबर आणखी कुणाचं दुखतं? उत्तर देणाऱ्याची नोकरी जाणार नाही याची हमी त्यासोबत हवी, नाहीतर उत्तर खरं मिळणार नाही. या तीन उत्तरांवरून कळेल की दवाखाना गाठायचा, एक्झॉस्ट लावायचा की व्यायामाची घडी बदलायची. व्यायाम थांबवायचा का, हा प्रश्न त्यानंतरचा आणि तोवर बहुतेकांच्या बाबतीत त्याची गरज उरलेली नसेल.